राणीच्या घराचा पत्ता

कौंडण्यपूरला सहल गेली की वर्धेचा घाट होतो, विठ्ठल-रुक्मिणीचं दर्शन होतं, डबे उघडून चिवडा-पोळी होते. आणि मग कुणीतरी एक पोट्टं विचारतंच, "सर, रुक्मिणीच्या बाबाचा, भीमक राजाचा राजवाडा कुठी हाय?" सर समोरच्या टेकाडाकडे बोट दाखवतात. टेकाडावर बाभळी, बोरीची झुडपं, पायाखाली खापरांचे तुकडे. पोट्टं हिरमुसतं. "हे तं माती हाय नुसती!"

त्या पोट्ट्याचं चुकलं नाही, पण सरांचंही चुकलं नाही. हे टेकाड खरंच फार जुनं आहे. मोरेश्वर दीक्षित नावाच्या पुरातत्त्वज्ञांनी १९६२ ते १९६४ या काळात इथं उत्खनन केलं. हेच दीक्षित त्याआधी हसमुख सांकलियांबरोबर कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकाडावर खणत होते. ब्रह्मपुरीला समुद्रदेवाची चिमुकली काशाची मूर्ती सापडली होती, आणि ती आली होती थेट रोमी जगातून! कौंडण्यपूरला त्यांना एकाखाली एक दडलेल्या वस्त्या मिळाल्या. लोखंड वापरू लागलेल्या जुन्या लोकांची काळी-तांबडी भांडी होती, वर सातवाहनांच्या काळातलं गाव होतं. 'भीमक राजाचा वाडा' अशी पाटी मात्र कुठं नव्हती. ती असणारही नव्हती. राजे लोक घरावर नाव लिहीत नसत. ते कुणाचं घर आहे, हे तेव्हा सगळ्यांनाच ठाऊक असायचं ना!

मग हजार-दीड हजार वर्षांनी एखादी पडकी भिंत राजाच्या घराची की सावकाराच्या, हे ओळखायचं तरी कसं?

"सोनं सापडलं की राजाचं," असं तुम्ही म्हणाल. नाही ना बाप्पा! राजवाडा सोडताना राजा काय नेईल? सोनंच नेईल. राजा हरला तर जिंकणारा काय लुटेल? तेही सोनंच. मागं उरतं ते कुणालाच नको असलेलं. फुटकी भांडी, हाडकं, मोडक्या बांगड्या आणि फेकलेली माती. पुरातत्त्वज्ञाचा सगळा कारभार या उरल्यासुरल्यावर चालतो. म्हणून आज मी तुम्हाला मातीच्या एका गोळ्याची गोष्ट सांगणार आहे. पण गोळ्याकडे जायची वाट अमरावती जिल्ह्यातूनच जाते, तेव्हा आधी मोर्शी तालुक्यात चला.

मोर्शी तालुक्यातलं रिद्धपूर तुम्हाला माहीत असेल. श्रीगोविंदप्रभूंचं गाव, महानुभाव पंथाचं मोठं ठिकाण. आता तिथं मराठी भाषेचं विद्यापीठही निघालंय. या रिद्धपुरात एक ताम्रपट मिळाला होता. ताम्रपट म्हणजे तांब्याच्या पत्र्यांवर कोरलेला सरकारी कागद. पत्र्यांना भोक पाडून त्यात कडी ओवायची आणि कडीवर राजाची मोहर बसवायची. शेत कुणाला दिलं, गाव कुणाला दिलं, हे त्यावर लिहिलेलं असे. आजचा सातबारा पावसात भिजला तर गेला. हा पत्रा मात्र दीड हजार वर्षं मातीत राहूनही वाचता येतो.

रिद्धपूरचा ताम्रपट एका राणीचा आहे. तिचं नाव प्रभावतीगुप्ता.

ही कोण? उत्तरेतला मोठा सम्राट दुसरा चंद्रगुप्त, ज्याला विक्रमादित्य म्हणतात, त्याची लेक. आपल्या विदर्भात तेव्हा वाकाटक घराण्याचं राज्य होतं. त्या घराण्यातल्या दुसऱ्या रुद्रसेनाशी तिचं लग्न झालं आणि ती सासरी, म्हणजे आपल्याकडे आली. नवरा लवकर वारला. मुलं लहान होती. मग इसवी सन ४०० च्या आसपास, मुलं मोठी होईपर्यंत, या बाईनं स्वतः राज्य चालवलं. आणि चालवलं म्हणजे नुसतं गादीशेजारी बसून नाही. तिच्या स्वतःच्या नावानं हुकूम निघत. तिचा आणखी एक ताम्रपट पुण्यात एका तांबटाच्या घरी सापडला. नशीब, त्यानं तो वितळवून हंडा नाही केला!

वाकाटकांच्या बहुतेक ताम्रपटांची लिपी बघण्याजोगी आहे. ती ब्राह्मीच, पण कोरणारे प्रत्येक अक्षराच्या डोक्यावर एक चिमुकली चौकोनी पेटी काढत. तुमचं नाव लिहून प्रत्येक अक्षरावर अशी पेटी काढून बघा. कागदावरच कंटाळा येतो. त्यांनी ते छिन्नीनं, तांब्यावर, पानंच्या पानं केलंय.

आता नीट ऐका, कारण तपास इथून सुरू होतो. हुकूम कुठून निघाला, ते ताम्रपटात सुरुवातीलाच लिहिलेलं असतं. पुण्यातल्या ताम्रपटात ठिकाण आहे नंदिवर्धन. रिद्धपूरच्या ताम्रपटात आहे रामगिरी, म्हणजे आपलं रामटेक. आणि अचलपूरजवळच्या चम्मक गावात शेत नांगरताना एक ताम्रपट वर आला, दीडशेहून जास्त वर्षांपूर्वी. तो प्रभावतीच्या मुलाचा, दुसऱ्या प्रवरसेनाचा. त्यात ठिकाण आहे प्रवरपूर.

चम्मकचा हा ताम्रपट मला फार आवडतो, म्हणून जरा थांबतोच. त्यात या गावाचं नाव चर्मांक असं आहे आणि ते भोजकट राज्यात येतं असं म्हटलंय. अमरावतीजवळचं भातकुली ते हेच भोजकट, असं बरेच अभ्यासक मानतात. राजानं हे अख्खं गाव एक हजार ब्राह्मणांना दिलं. देताना सवलती लिहिल्या, आणि त्या सवलती वाचल्या की एरवी गावाला काय काय सोसावं लागत होतं ते कळतं. राजाचे शिपाई गावात शिरणार नाहीत. गावानं बसायला कातडी द्यायची नाहीत, कोळसे द्यायचे नाहीत, फुलं आणि दूधही द्यायचं नाही. म्हणजे बाकीच्या गावांत सरकारी माणूस आला की हे सगळं पुरवावं लागायचं! राजवाडा दूर कुठंतरी आणि दूध तापतंय अचलपूरच्या चुलीवर.

बरं, राजा काही साधा नव्हता. त्यानं अटीही घातल्या. राजद्रोह करायचा नाही, चोरी करायची नाही, लढाया करायच्या नाहीत, दुसऱ्या गावांना त्रास द्यायचा नाही. हे मोडलंत तर गाव परत घेईन, आणि घेतलं तर ती चोरी ठरणार नाही! दान देतानाच एवढी तजवीज. आणि आणखी एक गंमत. दान हजार जणांना, पण ताम्रपटात नावं मोजली तर पन्नासही भरत नाहीत. उरलेले कोण, ते राजालाच ठाऊक.

तर राजधानीचे पत्ते मिळाले दोन, नंदिवर्धन आणि प्रवरपूर. आईच्या काळात नंदिवर्धन. लेकानं पुढं आपल्याच नावाची नवी राजधानी वसवली, ते प्रवरपूर. पण पत्ता कागदावर असणं वेगळं आणि दार सापडणं वेगळं. पोस्टमनला विचारा!

नंदिवर्धन म्हणजे रामटेकजवळचं नगरधन, हे नावावरून आणि जुन्या अवशेषांवरून अभ्यासकांनी आधीच ताडलं होतं. तिथं भोसल्यांनी वापरलेला किल्ला उभा आहे. पण किल्ला नवा, राणी जुनी. मग २०१५ ते २०१८ या वर्षांत पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या आणि राज्याच्या पुरातत्त्व विभागाच्या माणसांनी नगरधनला पद्धतशीर उत्खनन केलं.

पद्धतशीर म्हणजे कसं? जमिनीवर सुतळीनं चौकोन आखायचे. एका चौकोनात उतरायचं आणि कुदळीनं कमी, खुरप्यानं आणि ब्रशनं जास्त काम करायचं. काढलेली माती फेकायची नाही, चाळायची. चौकोनाच्या कडा सरळ कापलेल्या ठेवायच्या, कारण खरी गोष्ट त्या कडेवर दिसते. खाली एक रंग, वर दुसरा, मध्ये राखेची काळी रेघ. जो थर खाली तो आधीचा, जो वर तो नंतरचा.

आपल्याकडे गावठाणाच्या जमिनीला पांढरी म्हणतात आणि शेतजमिनीला काळी, ते तुम्ही आजोबांकडून ऐकलं असेल. पांढरी पांढुरकी का असते? माणसं शेकडो वर्षं एकाच जागी राहिली की मातीच्या भिंती पडतात, त्यावर पुन्हा घरं होतात, चुलीची राख पडते, शेण पडतं, भुसा कुजतो. ही सगळी भेळ होऊन ती राखाडी, भुसभुशीत माती तयार होते आणि हळूहळू तिचं टेकाड होतं. काळ्या रानात मध्येच पांढरीचं टेकाड दिसलं की पुरातत्त्वज्ञाचे डोळे चमकतात. पण गावच्या लोकांचेही चमकतात! धाब्याच्या घरावर टाकायला ही माती चांगली, शेतात खत म्हणूनही चांगली. गाड्या भरभरून टेकाडं गेली आहेत.

आपली काळी जमीनही खोडकर आहे. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात, इतक्या खोल की अख्खी काठी आत जाते. वरचा मणी, वरचं नाणं त्या भेगेतून घसरतं आणि हजार वर्षं जुन्या थरात जाऊन बसतं. मग खणणाऱ्याला वाटतं, अरेच्चा, हे इतकं जुनं? म्हणून एकट्या मण्यावर कुणी विश्वास ठेवत नाही.

नगरधनला एका भल्यामोठ्या भिंतीच्या माथ्यावर तो मातीचा गोळा मिळाला. लांबट गोल, लांबी ३५.७१ मिलिमीटर, रुंदी २४.२० मिलिमीटर, वजन ६.४० ग्रॅम. म्हणजे वजनाला खिशातल्या पाच रुपयांच्या नाण्याच्या आसपास. त्यावर शंख आहे आणि ब्राह्मी अक्षरांत नाव आहे प्रभावतीगुप्तेचं. शंख विष्णूचा, राणी विष्णूची भक्त होती.

हा गोळा म्हणजे राणीचा शिक्का नव्हे. शिक्क्याचा ठसा. शिक्का धातूचा किंवा दगडाचा असायचा, आणि तो जपून ठेवलेला असायचा. एखादा हुकूम किंवा पुडकं दोऱ्यानं बांधलं की गाठीवर ओल्या मातीचा गोळा दाबायचा आणि वर शिक्का उमटवायचा. माती वाळली की झालं. आता गोळा न फोडता गाठ सुटत नाही. वाटेत कुणी उघडलं तर लगेच कळणार. ज्याला पत्र आलं त्यानं गोळा तोडायचा आणि फेकून द्यायचा. कच्ची माती पावसात विरघळते, पण कुठं आगीत भाजली गेली तर विटेइतकी टिकते.

इथं तुमच्यातल्या चलाख पोरीनं हात वर केला असेल. "म्हणजे गोळा जिथं सापडतो तिथं पत्र *गेलेलं* असतं. मग राणी तिथं राहत होती कशावरून? दुसरंच कुणी राहत असेल!"

शाब्बास. हाच प्रश्न मोठ्या माणसांनाही पडतो. ठसा प्रवास करतो. प्रभावतीचा ठसा उद्या अकोल्यात सापडला तर राणी अकोल्याची होत नाही. पण ठसे नुसते पत्रांवर नसत. कोठाराच्या दारावर, धनाच्या थैलीवरही लावत, आणि तिथले ठसे घरातच पडत. शिवाय नगरधनला ठसा एकटा नाही. खाली ती जाड भिंत आहे. साध्या घराला एवढी भिंत कोण बांधेल? आणि ताम्रपटात राणीच्या तोंडचा पत्ता आहे, नंदिवर्धन. भिंत बोलत नाही, ठसा फिरतो, ताम्रपट पुण्याला जाऊन बसतो. पण तिघं एकाच जागेकडे बोट दाखवू लागले की मग संशोधक म्हणतात, ही भिंत राजघराण्याच्या वास्तूची असावी. 'असावी' म्हणतात, 'आहेच' म्हणत नाहीत. मला हे फार बरं वाटतं.

बाकी काय मिळालं? दागिने न घातलेली, न फुटलेली गणपतीची मूर्ती. काचेची कानातली. लोखंडाची छिन्नी. मातीच्या बांगड्या, सूत कातायच्या चात्या, अंग घासायच्या खरबरीत मातीच्या घासण्या (राजधानीतली माणसंही मळायची, म्हणजे!). फुटक्या खापरांच्या घासून गोल केलेल्या ठिकऱ्या. आपण ठिकरीच्या खेळात टाकतो, तशाच. राजधानीतही पोरं होती आणि त्यांना खेळायला चकचकीत काही नको होतं. हाडांवरून कळलं की गाय-बैल, शेळ्या, मेंढ्या, डुकरं, घोडा, कोंबड्या होत्या. आणि मांजर! राजधानीत उंदीर असणारच.

आता लेकाच्या घराकडे वळू. प्रवरपूर कुठं? इथं मोठ्या माणसांचं एकमेकांशी जमलेलं नाही. वाकाटकांचे गाढे अभ्यासक वासुदेव विष्णू मिराशी म्हणत, वर्धा जिल्ह्यातलं पवनार तेच प्रवरपूर. पुढं रामटेकजवळच्या मनसरला जगत्पती जोशी आणि अ. कु. शर्मा यांनी उत्खनन केलं. तिथं विटांची मोठी वास्तू निघाली, तिला त्यांनी राजवाडा म्हटलं. शेजारच्या हिडिंबा टेकडीवर भव्य देऊळ निघालं. मग अजयमित्र शास्त्री आणि हॉलंडचे हान्स बाकर म्हणाले, प्रवरपूर हे मनसरच! मला विचाराल तर मनसरचं पारडं जड वाटतं. आईच्या नगरधनपासून लेक फार लांब गेला नसावा. अर्थात ही माझी अटकळ, पुरावा नव्हे.

अशा ठिकाणी एक गमतीची गोष्ट घडते. भिंत खणायला जावं तर भिंतच नसते! जुन्या विटा आजच्या विटांच्या जवळजवळ दुप्पट लांब, पक्क्या भाजलेल्या. फुकटात मिळतायत म्हटल्यावर पुढच्या शतकांतल्या लोकांनी त्या उपसून घरांना लावल्या. उरतो तो फक्त भिंतीचा चर, त्यात नंतर भरलेली वेगळ्या रंगाची माती. हुशार खणणारा ती माती तेवढी अलगद काढतो आणि नसलेली भिंत जमिनीवर दिसायला लागते. चोरीला गेलेल्या भिंतीचा नकाशा!

रोममध्ये याच्या उलट झालं. तिथला सम्राट नीरो. इसवी सन ६४ मध्ये रोमला प्रचंड आग लागली आणि जळालेल्या जागेवर त्यानं अवाढव्य प्रासाद बांधला, सोन्याचा मुलामा दिलेला. त्याला 'सुवर्णगृह'च म्हणत. पुढच्या सम्राटांना नीरोचं नावही नकोसं झालं. त्याच्या तळ्याच्या जागी त्यांनी कलोसियम उभारलं, आणि ट्रेजन नावाच्या सम्राटानं प्रासादाच्या खोल्यांत माती भरून वर सार्वजनिक स्नानगृहं बांधली. पुसून टाकायला गेले आणि जपून ठेवलं! मातीनं भरलेल्या खोल्यांत ना हवा, ना चोर. चौदाशे वर्षांनी चित्रकार दोरांना लटकून आत उतरले तेव्हा छतावरची चित्रं शाबूत होती. राफाएलही उतरला होता. नीरोकडे फिरतं जेवणघर होतं असं जुन्या रोमी लेखकानं लिहून ठेवलंय. २००९ मध्ये पॅलाटाइन टेकडीवर चार मीटर रुंदीचा एक खांब निघाला. खणणाऱ्यांना वाटतं, हेच त्या जेवणघराचं मधलं खोड. पण तिथंही वाद आहेच. रोमवाले दगड-चुन्यात बांधायचे, आपल्याकडं विटा, लाकूड, माती. म्हणून त्यांच्याकडं छत उरतं आणि आपल्याकडं चर.

अकोल्याची मुलं म्हणत असतील, आमचं काय? तुमचंही आहे. वाकाटकांची दुसरी शाखा वत्सगुल्माला होती, म्हणजे वाशीमला. १९९८ पर्यंत वाशीम अकोला जिल्ह्यातच होतं. या शाखेचा राजा हरिषेण. अजिंठ्याचं सोळावं लेणं त्याच्या मंत्र्यानं, वराहदेवानं कोरवून घेतलं. मंत्र्याची कामगिरी डोंगरात टिकली; पण राजाच्या घराचं काय? नगरधनला रान होतं, खणता आलं. वाशीमला माणसं राहतात. पद्मतीर्थ तळ्याच्या आसपास गल्ल्या, दुकानं, घरं आहेत. राजासाठी कुणाच्या स्वयंपाकघरात चौकोन आखणार?

म्हणून अशा गावात शोध लागतो तो घराचा पाया खणताना, विहीर काढताना, नळाचा चर मारताना. पण मग त्यात निघालेल्या वस्तू कुणाच्या? त्याचा कायदा आहे, १८७८ सालचा. जमिनीत पुरलेली, दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीची वस्तू सापडली तर कलेक्टरला कळवायचं. तेव्हा दहा रुपये म्हणजे मोठी रक्कम. आज तेवढ्यात एक कटिंगही मिळतो न मिळतो. आता नगरधनचा तो ६.४० ग्रॅमचा मातीचा गोळा घेऊन तुम्ही अमरावतीच्या सराफ्यात गेलात, तर शेटजी किती देतील सांगा. दहा पैसेही नाही. वर विचारतील, "बेटा, हे माती कायले आणली?"